मालीश कुणाला, किती आणि कधी नको

गेल्या अंकात कंबरदुखीवर लिहिताना मालीशचा विषय ओझरता आला होता. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यालाच द्यायचं ठरवलं. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. शरीरशास्त्र कॉलेजात शिकले, पण हात वळला तो आमच्या पेठेत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या एका मावशींच्या शेजारी बसून, आणि पुढे तालमीतल्या पोरांचे खांदे-गुडघे सांभाळताना. मालीशवर माझा विश्वास आहे, रोज ती मी स्वतःच्या हाताने करते. जवळजवळ प्रत्येक पत्रात मात्र एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली, की जितकं रगडावं तितका गुण येतो. ते मला मान्य नाही. का मान्य नाही, ते उत्तरांमध्ये येईलच.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठव्या महिन्यात झाली. जन्मताना वजन एक किलो नऊशे ग्रॅम होतं. आता ती दोन महिन्यांची आहे, डॉक्टरांनी घरी मालीश करायला हरकत नाही म्हणून सांगितलं आहे. न्हाऊ घालायला मावशी येतात. त्या फार जोरात चोळतात, हातपाय ओढतात, पायांना धरून उलटं करतात. बाळ रडून लालबुंद होतं. सासूबाई म्हणतात, रडलं की छाती मोकळी होते. तेल कोणतं वापरावं आणि हे असंच करायचं असतं का? — नवी आई, इचलकरंजी

उत्तर : मालीश चालू ठेवा. पद्धत मात्र उद्यापासून बदला.

आधी फायद्याचं सांगते, म्हणजे घरात बोलताना तुमच्या हाताशी काहीतरी असेल. अमेरिकेत मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये मुदतीआधी जन्मलेल्या ४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस हळुवार चोळलं आणि हातपाय अलगद दुमडून-सरळ केले. या बाळांचं वजन रोज सरासरी ४७ टक्के जास्त वाढलं, आणि दूध दोन्ही गटांतल्या बाळांनी सारखंच घेतलं होतं. पुढच्या कामातून याचं कारण थोडं उलगडलं. मध्यम दाबाने चोळलं की मेंदूतून पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी जागी होते आणि जठराची हालचाल सुधारते. अगदी पिसासारखा हात फिरवला तर बाळाला गुदगुल्या होतात, ते अंग चोरतं. रगडलं तर ते घाबरतं. या दोन्हींच्या मधला दाब हवा. तुमच्या मिटलेल्या पापणीवर बोट टेकवून न दुखता जेवढं दाबता येईल, साधारण तेवढा.

रडण्याने छाती मोकळी होते हे जन्माच्या पहिल्या क्षणापुरतं खरं आहे. दोन महिन्यांचं बाळ मालीश करताना सतत रडत असेल तर त्याला थंडी वाजते आहे, भूक लागली आहे किंवा दुखतं आहे. थांबा, उराशी घ्या, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा.

मावशींना सरळ सांगायच्या गोष्टी या. पायांना धरून उलटं करायचं नाही. दोन्ही पाय ओढून, गुडघे जुळवून सरळ करायचे नाहीत. या वयात खुब्याचा सांधा उथळ असतो, बेडकासारखे पाय फाकवून झोपणं हीच त्याची सुरक्षित ठेवण आहे. ओढून सरळ बांधलेल्या पायांत खुबा निसटण्याचा धोका वाढतो. नाकात, कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि त्याने होणारा न्यूमोनिया लवकर हटत नाही. बाळाची छाती सुजल्यासारखी दिसली तर ती पिळायची नाही. आईच्या संप्रेरकांमुळे ती सूज येते आणि आपोआप ओसरते, पिळल्याने तिथे पू होतो. बेसन किंवा डाळीच्या पिठाने लव काढायला घासायचं नाही. टाळूवर हलका तेलाचा हात फिरवायला हरकत नाही, पण टाळू तेलाने भरत नाही. ती हाडं जुळून साधारण वर्ष-दीड वर्षात आपोआप भरते.

तेल आपलं खोबऱ्याचं, साधं, वासाचं काही न मिसळलेलं. २००५ मध्ये मुंबईत झालेल्या एका चाचणीत मुदतपूर्व बाळांमध्ये खोबरेल तेलाने मालीश केलेल्यांचं वजन खनिज तेलवाल्यांपेक्षा चांगलं वाढलेलं दिसलं. सूर्यफुलाचं तेलही चालतं. ऑलिव्ह तेल महाग आहे म्हणून चांगलं असं समजू नका, त्यातल्या ओलेइक आम्लाने नाजूक त्वचेचा वरचा थर कमकुवत होतो. कच्चं मोहरीचं तेलही नको, त्याने आग होते.

हे सगळं मावशींना बाजूला करून करू नका. अशा बायकांच्या हातात जी सफाई असते ती मला शिकायला वर्षं लागली. त्यांना म्हणा, "मावशी, डॉक्टरांनी पायापासून वर, हलक्या हाताने सांगितलंय." आणि आठवड्यातून काही दिवस तुम्ही स्वतः करा. दूध पाजल्यावर लगेच नको, तासाभराने करा. खोलीचा पंखा बंद ठेवा, हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा. पाय, हात, छाती, मग पालथं घालून पाठ असं पंधरा मिनिटांत उरकतं. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल हात फिरवा, आतडं त्याच दिशेने जातं, गॅस सुटायला मदत होते.

तुमच्या स्वतःच्या मालीशबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. बाळंतिणीची पाठ, पोटऱ्या, खांदे जरूर चोळून घ्या, मान खाली घालून दूध पाजताना खांदे आखडतातच. सिझेरियन झालं असेल तर टाके पूर्ण भरेपर्यंत पोटाला हात लावू देऊ नका. छातीत दुधाची गाठ झाली तर ती रगडून फोडायची पद्धत आहे. ती घातक आहे, त्याने आतली सूज वाढते. थंड शेक, बाळाला पाजत राहणं आणि काखेच्या दिशेने अगदी अलगद हात फिरवणं एवढंच करा. ताप आला तर डॉक्टरांकडे जा. आणि बंद खोलीत शेगडी-धुरी नको. तो धूर बाळही घेतं, तुम्हीही घेता.

प्रश्न : मॅडम, मी एकोणीस वर्षांचा आहे, तालमीत राहतो. वस्ताद सांगतात, मालीश डोळ्यांत पाणी येईपर्यंत झाली पाहिजे, तरच अंगातलं अ‍ॅसिड निघतं. पुढच्या रविवारी गावच्या जत्रेत मैदान आहे. आदल्या दिवशी जोरात मालीश घ्यावी का? मांडीला परवा गुडघा लागलाय, तिथे काळंनिळं झालंय. — एक पैलवान, कोल्हापूर

उत्तर : पैलवान, तुझ्या पत्राचा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तोच आधी. मांडीला जिथे मार लागलाय तिथे मालीश अजिबात नाही. तेल नाही, शेक नाही, कुणी पायाने तुडवायचं तर नाहीच. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूत रक्त साकळलंय. तिथे पहिल्या काही दिवसांत चोळलं तर त्या रक्ताच्या जागी स्नायूतच हाड तयार होऊ लागतं, आणि मग गुडघा पूर्ण दुमडत नाही. बैठका मारणाऱ्याला हे महिनोन्‌महिने छळतं. बर्फ कापडात गुंडाळून लाव, चापून पट्टी बांध, न दुखता जेवढा गुडघा दुमडेल तेवढा दुमडत राहा. गुडघा काटकोनापर्यंतही दुमडत नसेल तर रविवारी मैदानात उतरू नकोस. त्याआधी मला किंवा जवळच्या कुठल्याही फिजिओला दाखव.

आता अ‍ॅसिडचं. व्यायामात स्नायूत लॅक्टेट, म्हणजे वस्ताद म्हणतात ते अ‍ॅसिड, तयार होतं हे खरं. पण तू हौद्यातून बाहेर येऊन अंगावरची माती झटकून बसतोस, त्यानंतर साधारण तासाभरात रक्त ते आपणहून साफ करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखतं त्याचा लॅक्टेटशी संबंध नसतो. ते स्नायूंच्या तंतूंना बसलेल्या बारीक ताणाचं आणि त्यामागून येणाऱ्या सुजेचं दुखणं असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून एकाच पायाला दहा मिनिटं मालीश दिली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. मालीश मिळालेल्या पायात सुजेचे संकेत कमी झाले होते, पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढवणारे संकेत वाढले होते. लॅक्टेटमध्ये मात्र काही फरक नव्हता. म्हणजे वस्तादांचा अनुभव खरा आहे, पोरं मालीशने लवकर सावरतात. त्यामागचं कारण तेवढं वेगळं आहे.

कारण वेगळं आहे म्हणूनच डोळ्यांत पाणी आणायची गरज उरत नाही. काही पिळून बाहेर काढायचंच नसेल तर पिळायचं कशाला? २०२० मध्ये खेळाडूंवरच्या २९ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात मालीशने ताकद, उडी किंवा वेग वाढल्याचं दिसलं नाही. अंगदुखी थोडी कमी झाली आणि लवचीकता थोडी वाढली. हा "थोडा" शब्द लक्षात ठेव. तुझी कुस्ती जोर-बैठका, लढत, झोप आणि खुराकावर उभी राहते, मालीश तिला आधार देते.

तालमीत मालीश करताना मी पाहते, जो पोरगा चांगला असतो तो आधी नुसता तळवा टेकवतो. स्नायू कुठे ताठ आहे ते त्या तळव्याला कळतं. मग तो घोट्याकडून गुडघ्याकडे, गुडघ्याकडून जांघेकडे, हृदयाच्या दिशेने लांब हात ओढतो. समोरच्याचा श्वास अडकला की दाब कमी करतो. जो नुसता ताकदीचा असतो तो कोपर रोवतो, समोरचा दात दाबतो, त्याचा स्नायू उलट आखडतो आणि आखडलेल्या स्नायूवर आणखी जोर लागतो. खूप जोरात रगडल्याने स्नायूला स्वतंत्र इजा होते, दुसऱ्या दिवशी अंग जड पडतं. म्हणून खोल मालीश मैदानाच्या तीन-चार दिवस आधी. आदल्या संध्याकाळी हलक्या हाताने वीस मिनिटं पुरेत. आणि मैदानाच्या दिवशी तेल लावलेलं अंग घेऊन उतरायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको.

एक गोष्ट तालमीतल्या सगळ्यांना सांग. तेलाची एकच वाटी आणि एकच पंचा सगळ्यांच्या अंगावर फिरतो, त्यातून गजकर्ण पसरतं. ज्याच्या अंगावर चट्टा आहे त्याची वाटी वेगळी, पंचा वेगळा, आणि चोळणाऱ्याने नंतर साबणाने हात धुवायचे. लाल मातीत हळद-कापूर-ताक घालतात म्हणून चट्टे बरे होतील असं समजून बसू नका. त्वचेच्या डॉक्टरांचं औषध पूर्ण घ्या, आठवडाभरात दिसेनासं झालं तरी मध्येच सोडू नका.

प्रश्न : मी कराड–चिपळूण टेम्पो चालवतो. कुंभार्ली घाट आठवड्यातून चार-पाच वेळा. कमरेत उसण भरते. मालीश घेतली की दोन-तीन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. दर वेळी पाचशे-सातशे जातात. हे पैसे वाया चाललेत का? — टेम्पोचालक, कराड

उत्तर : वाया नाही, पण अर्धेच कामी येतायत.

जुनाट कंबरदुखीवर मालीशचा चांगला मोठा अभ्यास अमेरिकेत सिअ‍ॅटलला झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ४०१ जण होते. काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा तासभर, स्नायू-सांधे शोधून केलेली खास मालीश दिली. काहींना तेवढाच वेळ साधी, अंग सैल करणारी मालीश दिली. उरलेल्यांचे नेहमीचे औषधोपचार चालू ठेवले. दहा आठवड्यांनी मालीशच्या दोन्ही गटांत तिघांत एकाहून जास्त लोकांचं दुखणं जवळजवळ गेलं होतं, नेहमीच्या उपचारांत शंभरात चौघांचं. आणि साधी मालीश खास मालीशपेक्षा कुठेही कमी पडली नाही. म्हणून जो "नस दाबतो, एका हिसक्यात मोकळं करतो" म्हणून जास्त पैसे मागतो, त्याला ते देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत फरक टिकला, वर्षाने तो बराच ओसरला.

तुमचा फरक दोन-तीन दिवसांत ओसरतो कारण तुम्ही त्याच सीटवर परत बसता. मालीशनंतर स्नायू सैल असतो, दुखणं दबलेलं असतं, आणि नेमकी तीच वेळ हालचालीची असते. त्याच दिवशी अर्धा तास चाला. रात्री पाठीवर झोपून एक-एक गुडघा छातीशी घ्या, मग पालथं झोपून कोपरांवर छाती उचला, सावकाश, दहा वेळा. कुठल्या तरी एका प्रकाराने दुखणं पायात उतरत असेल तर तो सोडा. मागच्या खिशातलं पाकीट काढून डॅशबोर्डवर ठेवा, तासन्‌तास त्यावर बसल्याने एक कुल्ला वर राहतो. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबतानाही पाठ टेकलेली राहील. घाटाच्या आधी पाटणला आणि उतरल्यावर एकदा खाली उतरून दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून मागे वाका. आणि उतरल्या-उतरल्या लगेच माल उचलू नका, पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या बसून बसून तेव्हा सगळ्यात नाजूक असतात.

पायात मुंग्या उतरणं, पंजा उचलता न येणं, लघवी-संडासवरचा ताबा सैल होणं, जांघेत बधिरपणा, तापासोबत पाठदुखी, यातलं काहीही झालं तर मालीशवाल्याकडे जायचं नाही. थेट दवाखाना, आणि ताबा सुटल्याचं लक्षण असेल तर त्याच रात्री.

प्रश्न : वडिलांचं वय एकाहत्तर, तीन आठवड्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं. गेल्या दोन दिवसांपासून एका पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दुखते. शेजारचे काका म्हणतात, पडून राहिल्याने वात धरलाय, तिळाच्या तेलाने चांगली रगडा. तुमचं मत हवं. — मुलगा, सांगली

उत्तर : हे पत्र हाती आलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही त्यांना लगेच दाखवलंत, औषध सुरू आहे, हे वाचकांना सांगण्यासाठी इथे छापते आहे.

ऑपरेशन, हाड मोडणं, प्लास्टर, आजारपणात अंथरुणाला खिळणं किंवा रात्रभराचा बसप्रवास, यांनंतर एकाच पायाची पोटरी सुजली तर पहिली शंका घ्यायची ती खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची. अशा पोटरीला रगडलं तर गुठळी सुटते, रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकते, आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. मालीशने जीव जाण्याची ही एक खरीखुरी वाट आहे, म्हणून मी हे प्रत्येक घरात सांगत असते. टेपने मोजून दोन्ही पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर डॉक्टर त्याला वजन देतात, पण फरक कमी आला म्हणून तुम्ही घरी थांबू नका. डॉपलर सोनोग्राफीने काही मिनिटांत कळतं. दम लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त यांपैकी काही दिसलं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

प्रश्न : मुलाने काशाच्या वाटीचं मशीन आणून दिलं. रोज रात्री तूप लावून दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवते. तूप काळंकुट्ट होतं. दुकानदार म्हणाला, ती शरीरातली उष्णता आणि विषारी द्रव्यं निघतात. झोप खरंच छान लागते. मला दहा वर्षांपासून डायबेटिस आहे. — आजी, वाई

उत्तर : आजी, झोप लागते हे खरं आहे आणि ते तुमच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पायाच्या तळव्यांना चोळण्याचं महत्त्व आपल्याकडे फार जुनं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करायला सांगताना डोकं, कान आणि पाय यांचा विशेष उल्लेख केलाय. तळव्यांत मज्जातंतूंची टोकं दाट असतात. तिथे लयीत चोळलं की मन स्थिरावतं, श्वास संथ होतो.

काळा रंग मात्र वाटीचा आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू. घासताना त्याचे अतिबारीक कण सुटतात, घामातल्या आणि तुपातल्या आम्लांशी त्यातल्या तांब्याची क्रिया होते आणि तूप काळं पडतं. ज्याच्या पायाला घाम जास्त, त्याचं तूप लवकर काळं होतं. त्यामुळे तूप काळं झालं नाही म्हणून जास्त वेळ चालवू नका, आणि काळं झालं म्हणून अंगात काही वाईट होतं असंही मनात आणू नका. शरीरातला नको तो भाग काढायचं काम तुमचं यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

आता डायबेटिसचं. दहा वर्षांत पायांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि ते आपल्याला कळत नाही, कारण न कळणं हाच तो आजार. फिरणारी वाटी कातडं घासते, चीर पडते, तुम्हाला दुखत नाही, आणि महिनाभराने जखम चिघळलेली दिसते. डॉक्टरांकडे पायाची नायलॉनच्या बारीक तारेने होणारी तपासणी करून घ्या, फार वेळ लागत नाही. संवेदना कमी निघाली तर मशीन बंद. सुनेला किंवा नातवाला सांगा, हाताने पाच मिनिटं चोळून द्या. संवेदना चांगली असली तरी रोज झोपण्याआधी तळपाय उजेडात बघा, आरसा धरून बघा.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या दहा पावलांची. तूप लावलेले तळवे आणि घरातली गुळगुळीत फरशी! रात्री लघवीला उठलेल्या आजी घसरतात आणि खुबा मोडतो, अशा बायका मी दर पावसाळ्यात, दर हिवाळ्यात पाहते. मालीशनंतर पाय कोमट पाण्याने, थोड्या साबणाने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मगच खाली पाय टेकायचा. बेचक्यांत तूप राहिलं की तिथे चिखल्या होतात, त्याही डायबेटिसमध्ये चिवट असतात.

प्रश्न : मालीशने पोटाची चरबी वितळते का? पार्लरमध्ये दहा वेळांचं पॅकेज आहे. — वाचक, ठाणे

उत्तर : नाही. चरबी पेशींच्या आत असते, चोळून ती बाहेर येत नाही. वाफेच्या पेटीतून उठल्यावर काट्यावर जे वजन कमी दिसतं ते पाणी असतं, दोन ग्लास प्यायलात की भरून निघतं. आराम हवा म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, पण मग दहाचं पॅकेज कशाला, एकेकदा घ्या.

प्रश्न : केस कापल्यावर सलूनमधला मुलगा चंपी करतो आणि शेवटी हनुवटी धरून मान कडाकड मोडतो. फार हलकं वाटतं. यात काही वाईट आहे का? — वाचक, नाशिक

उत्तर : चंपी घ्या, मान देऊ नका. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात, त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या वर चढतात. झटक्याने मान फिरवली की या रोहिणीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. असं क्वचित होतं. पण होतं तेव्हा तरुण माणसांनाही होतं, आणि बदल्यात मिळतो तो फक्त सांध्याच्या द्रवात हवेचा बुडबुडा होण्याचा आवाज. हलकं वाटतं ते खांद्यांच्या चोळण्याने. खुर्चीत बसतानाच सांगा, "मानेला झटका द्यायचा नाही." मान मोडल्यानंतर तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, कधी न झालेली मानेची किंवा डोक्याची कळ यांपैकी काही जाणवलं तर झोपून बघू असं करू नका, तडक रुग्णालयात जा.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे, वय ब्याऐंशी. आता मला नावाने ओळखत नाही. संध्याकाळी अस्वस्थ होते, साडीचा पदर ओढत राहते. अंघोळ घालताना हात लावला की चिडते. मालीशचा तिला उपयोग होईल का, की त्रासच होईल? — मुलगी, डोंबिवली

उत्तर : उपयोग होईल, पण पूर्ण अंगाची मालीश नको. हातांपासून सुरू करा, आणि कदाचित हातांवरच थांबा.

आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की ते टोचणं-भाजणं कळवत नाहीत, फक्त मायेने फिरवलेला हात कळवतात. सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर या वेगाने, अंगाइतक्या कोमट हाताने कुरवाळलं की ते सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्यांचा निरोप स्मरणाच्या वाटेने जात नाही, भावनेशी जोडलेल्या मेंदूच्या भागाकडे जातो. आईला तुमचं नाव आठवत नसलं तरी हा स्पर्श पोचतो. हे मी नुसतं वाचलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींची बोटं कायम मूठ वळलेली असायची, लेकीने रोज संध्याकाळी हात चोळायला घेतल्यावर काही आठवड्यांत त्या स्वतःहून हात पुढे करू लागल्या. आठवण परत आली नाही, पण संध्याकाळचं पदर ओढणं कमी झालं.

वेळ ठरवा, अस्वस्थ व्हायच्या अर्धा तास आधीची. टीव्ही बंद करा. समोरून या, खाली बसा, डोळ्यांत बघा आणि आधी सांगा, "आई, हाताला तेल लावते हं." मागून येऊन अचानक हात लावलात तर ती दचकून चिडणार, अंघोळीच्या वेळी बहुधा हेच होत असावं. तेल तळव्यावर घेऊन आधी आपल्या हातात कोमट करा. मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश, पूर्ण तळवा टेकवून हात फिरवा. मग तिचा तळहात तुमच्या दोन्ही हातांत धरा, मधोमध गोल फिरवा, एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत. एका हाताला पाच-सात मिनिटं. हात मागे घेतला तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. ब्याऐंशीव्या वर्षी कातडं कागदासारखं पातळ असतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नुसत्या बोटाच्या दाबानेही काळंनिळं होतं, म्हणून अंगठ्याने रुतवायचं नाही.

आई पुढे अंथरुणावर जास्त वेळ राहू लागली तर माकडहाड, टाचा, खुबे रोज बघत जा. तिथे लाली दिसली तर ती जागा चोळायची नाही. रक्तपुरवठा सुधारेल म्हणून बरेच जण तिथेच तेल जिरवतात, पण आतले पेशीजाल आधीच दबलेले असतात आणि चोळल्याने ते फाटतात. कूस बदला, त्या जागेवरचा भार काढा, आणि दाब काढून अर्ध्या तासानेही लाली तशीच राहिली तर नर्सला बोलवून दाखवा.